पहिल्या पाळीआधीची प्रार्थना

एस.टी.चा कंडक्टर दोनदा घंटी मारून थकला, तरी बाबांची प्रार्थना संपेना. बसच्या दाराशी आम्ही तिघं डोळे मिटून उभे होतो. बाबा, मी आणि नवं लग्न झालेले माझे यजमान प्रभाकर. पायाशी पत्र्याची ट्रंक, गादीची वळकटी आणि स्टोव्ह. आमच्या घरी कुठेही निघायचं म्हणजे आधी प्रार्थना, मग चपला. आणि बाबांची प्रार्थना सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरू व्हायची. तिथून देशाचे अधिकारी, मंडळीतले आजारी एकेक नावाने, विधवा, अनाथ, परीक्षेला बसलेली मुलं, असं करत करत ती मूळ मुद्द्यावर यायची. त्या दिवशी ती बसपर्यंत पोचली तेव्हा ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं होतं. बाबांनी आवाज चढवला. ड्रायव्हरच्या डोळ्यांना जाग दे, म्हणाले, आणि चाकांनाही त्यांनी सोडलं नाही. लोक बघताहेत हे मला मिटल्या डोळ्यांनी कळत होतं आणि मी लाजेने अर्धी झाले होते. शेवटी आमेन झालं. कंडक्टर म्हणाला, देवाचं झालं असेल तर बसा आता.

हे साल शहाऐंशीचं. तुम्ही जे आपल्या मिशन कंपाउंडात राहिलात, आणि माझ्यासारखे जे पुण्याला, वापीला, आखातात पांगलात, त्या सगळ्यांनी मला कधी ना कधी विचारलंय की नगर जिल्हा सोडून थेट सिल्वासाच का? उत्तर अगदी साधं आहे. प्रभाकर मिशनच्या छापखान्यात टाइप जुळवणारे कंपोझिटर होते. छापखाना बंद पडला, त्याबरोबर क्वार्टर गेलं. कोणीतरी सांगितलं की दादरा नगर हवेलीत सरकारने करात सवलत दिलीय, रोज एक कारखाना उघडतो, माणसं मिळत नाहीत. आम्ही माणसं होतो, म्हणून गेलो.

नाशिकला गाडी बदलून, घाट उतरून आम्ही सिल्वासाला पोचलो आणि तिथून नरोलीला. एका शेतमालकाने भात लावायचं सोडून शेतात ओळीने खोल्या बांधल्या होत्या. वर सिमेंटचे पत्रे. खोल्यांमधल्या भिंती पत्र्याला टेकायच्या आतच संपलेल्या, त्यामुळे एकाचा खोकला चौथ्या खोलीत ऐकू जायचा. खिडकी एकच, ती उघडली की समोर कंपनीची भिंत, बंद केली की आपली. मालक गुजरातीत बोलायचा, सुपरवायझर हिंदीत, रानातून भाजी घेऊन येणाऱ्या वारली बाया त्यांच्या बोलीत. शेजारच्या लताबाई शिंदखेड्याकडच्या, त्या अहिराणीत. पहिला महिनाभर मी कोणाशी एक धड वाक्य बोलले नसेन. आता मी भाजीवालीशी गुजरातीत घासाघीस करते, रिक्षावाल्याशी हिंदीत भांडते आणि रागावले की मराठीत येते. पण तेव्हा माझ्या तोंडात एकच भाषा होती आणि ती ऐकणारं कोणी नव्हतं.

रविवार तर नकोसा व्हायचा. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे रविवारी सगळा मुलूख नाक्यावरून आत यायचा प्यायला. कंपाउंडात रविवार म्हणजे इस्त्रीचे कपडे आणि देवळाची घंटा. इथे रविवार म्हणजे गटाराकाठी झोपलेली माणसं ओलांडत दळण आणायला जायचं. सिल्वासात पोर्तुगीजांच्या वेळचं चर्च होतं, पण ते कॅथलिकांचं. आम्ही एकदा जाऊन मागच्या बाकावर बसलो. फादर प्रेमाने बोलले. पण तिथे कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे काही कळेना, आणि दोघंही ओशाळून घरी आलो. मग राहिली ती घरची सकाळची प्रार्थना.

पहिली पाळी असली की अंधारातच उठायचो. चटईवर बसायचं, एक गीत म्हणायचं, पवित्र शास्त्रातला उतारा वाचायचा आणि प्रभाकर आपल्या मनाने, मोठ्याने प्रार्थना करायचे. आपल्यात पाठ केलेली प्रार्थना कमी, सुचेल तशी जास्त, हे तुम्हाला माहीत आहेच. माझं लग्न ठरलं ते त्यांच्या प्रार्थनेवर, असं म्हटलं तरी चालेल. तरुण संघाच्या सभेत त्यांना ऐकून बाबा घरी येऊन म्हणाले होते, मुलगा देवाशी नीट बोलतो, तुझ्याशीही नीट बोलेल. एके सकाळी आमची प्रार्थना संपली आणि बाहेरून दुसऱ्याच कोणीतरी आमेन म्हटलं. दार उघडलं तर प्रभाकरांच्याच कंपनीतला याकोब उभा. नवापूरकडचा, त्यांच्याच वयाचा, लाजून डोक्यावरून हात फिरवत होता. रस्त्याने जाताना गीत ऐकू आलं, म्हणून थांबलो, म्हणाला. तेव्हापासून तो रोज यायचा, दाराशी बसायचा, आणि दोघं बरोबर कामावर जायचे.

कंपनीत प्लास्टिकच्या बादल्या आणि झाकणं व्हायची. लोखंडाचे दोन साचे एकमेकांवर दाबले जातात, उघडले की हात घालून गरम झाकण काढायचं, आणि पुन्हा. मशीनला पुढे एक दार असतं, ते उघडलं की मशीन थांबायला हवं. पण माल जास्त निघावा म्हणून त्या दाराचा खटका तारेने बांधून ठेवायचे. दार उघडं आणि मशीन चालू. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं, कारण बोलणाऱ्याची जागा घ्यायला गेटवर माणसं उभीच असायची. म्हणून प्रभाकर रोजच्या प्रार्थनेत एक वाक्य घालायचे. प्रभू, याकोबाच्या आणि माझ्या हातांना सांभाळ. बाबांसारखी मोठी प्रार्थना त्यांची नव्हती, पण हे वाक्य कधी चुकलं नाही.

दोन वर्षांनी, एका सकाळी हेच वाक्य म्हणून दोघं गेले आणि दुपारच्या आत याकोबाचा उजवा हात साच्यात सापडला. मनगटापासून गेला. काही दिवसांनी कामगार पुरवणाऱ्या ठेकेदाराने त्याला जीपमध्ये बसवून गावी पोचवलं. त्याच मशीनवर प्रभाकरांना उभं केलं. खटका बांधलेलाच होता.

अपघाताच्या दिवशी घरी येऊन प्रभाकर बराच वेळ हात धूत बसले. मग म्हणाले, "नाव घेऊन मागितलं होतं मी. हातच म्हणालो होतो." त्यानंतर या विषयावर ते एक शब्द बोलले नाहीत, आणि प्रार्थनाही केली नाही.

सकाळी आम्ही बसायचो मात्र. सवयीने म्हणा, भीतीने म्हणा. चटई अंथरायची, डोळे मिटायचे, आणि काहीच व्हायचं नाही. लताबाईंच्या स्टोव्हचा पंप ऐकू यायचा, नळावरच्या बादल्या ऐकू यायच्या. मग भोंगा व्हायचा, ते उठायचे, चपला घालायचे आणि जायचे. तुम्ही म्हणाल, मग तू का नाही केलीस? आमच्या घरी कर्ता पुरुष समोर असताना बाईने प्रार्थना चालवायची पद्धत नव्हती. आणि खरं सांगायचं तर माझ्याजवळही शब्द नव्हते. एक दिवस लताबाई नळावर म्हणाल्या, "काय व बहीण, आजकाल तुमनं गाणं ऐकाले येत नही. बंद करी दिनं का?" माझा घसा बसलाय, असं मी सांगितलं. तो वर्षभर बसलेलाच राहिला.

त्या वर्षाइतकी मी आयुष्यात कधी कोंडले गेले नाही. दाराला कडी आतूनच होती, पण ती काढून जायचं कुठे? नोकरी सोडली तर दुसरी कंपनी तशीच, तिथेही खटका बांधलेलाच. परत जायचं तर प्रभाकरांचं घर राहिलं नव्हतं, आणि बाबांना मिशनने जुने सेवक म्हणून हयात असेपर्यंत एक खोली दिली होती, त्यांच्या एकट्यापुरती. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. आणि घरात असा माणूस, जो जेवतो, कामावर जातो, येतो, पण माझ्याशी काही बोलतच नाही. रागावतही नव्हते, तेच वाईट. देवाशी बोलणं थांबलं आणि माझ्याशीही थांबलं. मला वाटायचं, यांचा देवावरचा विश्वास गेला, आता माझ्यावरचा पण जाणार. मनात एकच बेत घोळायचा, की बाबा कधी भेटायला आले की त्यांच्याबरोबर निघून जायचं. एका खोलीत मावायचं कसं ते पुढे बघू.

आणि बाबा आले. भर दुपारी, खांद्याला पिशवी, पिशवीत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. ओळीतल्या प्रत्येक दारात थांबून त्यांनी आपल्या ख्रिस्ती रीतीने सलाम केला. लताबाईंनी गोंधळून पदर घेतला आणि रामराम म्हटलं. खोलीत येऊन बाबांनी खिडकी उघडली, समोरची भिंत बघितली आणि बंद केली. मला तेव्हाच रडू येत होतं. पण संध्याकाळपर्यंत त्याहून मोठी काळजी उभी राहिली, ती दुसऱ्या दिवशीच्या सकाळची.

बाबा दुसऱ्याच्या घरी कधी स्वतः प्रार्थना चालवत नसत. पाहुणा पाळक असला तरी प्रार्थना घरधन्याने करायची, हा त्यांचा नियम. आणि दुसरा नियम आमेनचा. आमेन म्हणजे त्या प्रार्थनेवर आपली सही, असं ते मानायचे. एकदा एक बाहेरचे उपदेशक भर मंडळीत दुसऱ्या पंथाच्या लोकांचा नाश व्हावा असं काहीतरी मागून गेले. सगळ्यांनी आमेन म्हटलं, बाबा गप्प. महिनाभर गावात तीच चर्चा. तर आता सकाळी बाबा जावयाला म्हणणार, प्रार्थना करा. जावई गप्प बसले, तर बाबांना सगळं कळणार. ज्या एका गोष्टीवर त्यांनी मुलगी दिली तीच राहिली नाही, हे कळणार. आणि जावयांनी लाजेखातर जुनी वाक्यं म्हटली तर? ती मला नको होती. गप्प बसलेला नवरा मी कसाबसा सहन केला होता, पण खोटं बोलणारा मला झेपला नसता.

संध्याकाळी नळावर प्रभाकर हळूच म्हणाले, उद्या मी लवकर निघतो, कंपनीत बोलावलंय म्हणून सांग. मी भरलेली बादली उचलून आत गेले.

सकाळी ते उठले, अंधारात शर्ट चढवला आणि कडीला हात घातला. तर बाबा चटईवर बसलेले. तोंड धुऊन, चष्मा लावून, मांडीवर शास्त्र. "बसा प्रभाकरराव," म्हणाले, "वेळ आहे अजून." प्रभाकर बसले. दुसरं काय करणार? एवढ्याशा खोलीत तीन माणसं, दाराच्या आड बाबांची पिशवी. बाबांनी एक स्तोत्र वाचलं. कुठलं ते मला आठवत नाही, मी ऐकतच नव्हते. मग शास्त्र मिटून म्हणाले, "घर तुमचं आहे. प्रार्थना तुम्ही करा." आणि डोळे मिटले.

मीही मिटले. लताबाईंचा स्टोव्ह नीट पेटत नव्हता, त्या पिन मारत होत्या. कोणीतरी चूळ भरली. मी मनात म्हणत होते, भोंगा होऊ दे, लवकर होऊ दे. तो झाला नाही. मग प्रभाकरांनी घसा खाकरला.

"प्रभू," ते म्हणाले आणि थांबले. "याकोबाच्या हाताबद्दल मी तुझ्याजवळ मागितलं होतं. रोज मागत होतो. तू ऐकलं नाहीस. मला वाटतं, तिथे कोणी ऐकणारं नाहीच. वर्षभर मला असंच वाटतंय. पण बाबांनी बोल म्हटलं, म्हणून बोलतो. मला त्या मशीनची भीती वाटते. हात आत घातला की दर वेळी वाटतं, गेला. नंदाला मी हे सांगितलेलं नाही. मला कोणालाच सांगता येत नाही. एवढंच आहे."

शेवटी येशूच्या नावाने वगैरे काही नाही. नुसतं एवढंच आहे.

डोळे उघडायचे नाहीत ही लहानपणापासूनची शिस्त, म्हणून मी बाबांचा चेहरा पाहिला नाही. पण त्यांचा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, आता ते उठतील, पिशवी घेतील आणि म्हणतील, नंदा, चल. वर्षभर ज्याची वाट बघितली तेच, आणि त्या क्षणी मला ते मुळीच नको होतं. मला त्या माणसाजवळ बसायचं होतं, ज्याला रोज हात आत घालताना भीती वाटत होती आणि जो घरी येऊन माझ्या हातची भाकरी निमूट खात होता.

"आमेन," बाबा म्हणाले. देवळातला तो घणघणीत आमेन नव्हे, बसक्या आवाजातला.

मग डोळे पुसत त्यांनी चहा मागितला. प्रभाकर चहा न पिताच निघाले, भोंगा झाला होता. दारात मी त्यांचा हात धरला. लग्नानंतर चारचौघांत पहिल्यांदाच. लताबाई बघत होत्या, बघू दे म्हटलं.

बाबांना नाक्यावर पोचवायला गेले तेव्हा मी विचारलंच, की त्या प्रार्थनेवर तुम्ही आमेन कसं म्हणालात? ते म्हणाले, "खरं बोलला तो. खोटं बोलला असता तर मी गप्प बसलो असतो." थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाले, "तुझी आई गेली त्या वर्षी मी रोज तुमच्यासमोर प्रार्थना केली. त्यातलं निम्मं खरं नव्हतं." एवढं बोलून ते जीपमध्ये बसले. मला घेऊन चला हे वाक्य मी सबंध वर्षभर तोंडात घोळवलं होतं, ते तिथेच राहिलं.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. प्रभाकरांनी मशीन बदलून मागितलं, मिळालं नाही. ते सकाळी गेल्यावर तार सोडायचे, दुपारी सुपरवायझर पुन्हा बांधायचा. पण घरी आल्यावर ते मला सांगायचे. आज बांधली, आज नाही, आज भीती कमी होती. भीती मलाही रोज वाटायची, पण एकच भीती दोघांनी मिळून बाळगणं वेगळं. पुढे सवलतीची वर्षं सरत आली तशी कंपनीने गाशा गुंडाळला, आणि प्रभाकरांना सिल्वासात लग्नपत्रिका छापणाऱ्या एका प्रेसमध्ये काम मिळालं. टाइप जुळवायला त्यांना दहाही बोटं आहेत, हे मी आजही त्यांच्या हातांकडे बघून मनात म्हणते आणि लगेच याकोब आठवतो. आम्ही त्याला भेटायला एकदा नवापूरकडे गेलो होतो. डाव्या हाताने त्याने चहा दिला, मुलं दाखवली. निघताना प्रभाकरांनी सवयीने डोळे मिटले, तर तो म्हणाला, भाऊ, प्रार्थना नको. प्रभाकरांनी डोळे उघडले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून तसेच बाहेर आले. त्याला काय म्हणायचं होतं ते आम्हाला समजत होतं. प्रभाकरांचं स्वतःचंही देवाशी भांडण पूर्ण मिटलेलं नाही. कधी सकाळी बोलतात, कधी म्हणतात, आज तू कर.

आता सिल्वासात आमचा दोन खोल्यांचा ब्लॉक आहे. भिंती पक्क्या, छतापर्यंत गेलेल्या. बाबा गेले, त्यांची खोली मिशनने परत घेतली. कंपाउंडात आले की तुम्ही प्रेमाने विचारता, घरी कधी आलीस? सिल्वासात शेजारी विचारतात, घरी कधी जाणार? दोघांनाही मी उत्तर देते आणि दोन्ही उत्तरं अपुरी पडतात. घर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर मात्र येते ती नरोलीची खोली, जिच्यातून पळून जायला मी वर्षभर टपलेली होते. त्यातही त्या भेटीत बाबांना नाक्यावर पोचवून आले, त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ.

प्रभाकर पहिल्या पाळीला गेले होते. मी चटई गुंडाळायला वाकले आणि तशीच खाली बसले. आयुष्यात पहिल्यांदा, एकटी असताना, मोठ्याने प्रार्थना करायला तोंड उघडलं. सृष्टी नाही, अधिकारी नाहीत, आजारी नाहीत. "प्रभू, मला घरी जायचंय," मी म्हटलं. "कुठलं घर ते मला ठाऊक नाही. पण मला घरी जायचंय." आणि मग रडूच कोसळलं, पुढचं काही म्हणता आलं नाही.

पलीकडे स्टोव्हचा पंप थांबला. मग भिंतीवरून, पत्र्याखालच्या फटीतून लताबाईंचा आवाज आला, अगदी हळू.

"माले बी जानं शे व बहीण."